एक खायचा, एक सोडायचा

फ्लोरिडाची मुख्य जमीन दक्षिणेला संपली की बेटं सुरू होतात. फ्लोरिडा कीज. एकामागून एक पूल ओलांडत रस्ता थेट की वेस्टपर्यंत जातो. जाताना डाव्या हाताला अटलांटिक, उजव्या हाताला फ्लोरिडा बेचं उथळ, हिरवट पाणी. या वाटेवर इस्लामोराडा नावाचं गाव आहे आणि त्याचं पोट बरंचसं मासेमारीवर चालतं. जाळ्याच्या नव्हे, गळाच्या. लोक पैसे मोजून बोट, कॅप्टन आणि हाताखालचा खलाशी दिवसभरासाठी ठरवतात. याला इथे चार्टर म्हणतात. छोट्या बोटीवर जास्तीत जास्त सहा पाहुणे. मासेमारीचा परवाना कॅप्टनच्या नावावर असतो, पाहुण्याला वेगळा काढावा लागत नाही.

मे आणि जून हे इथले सुगीचे दिवस. बाहेर खोल, निळ्या पाण्यात माही-माही असतो आणि आत पुलांखाली टार्पन. सकाळी एकाच्या मागे जायचं, संध्याकाळी दुसऱ्याच्या. पहिला मासा त्याच रात्री ताटात पडतो. दुसरा धरायचा आणि सोडून द्यायचा, घरी न्यायचा विचारही करायचा नाही. मालवणात वाढलेल्या माणसाला हे दुसरं प्रकरण पचायला जड जातं. मला गेलं. आणि गेल्या मे महिन्यात बाबा इकडे आले, तेव्हा त्यांना माझ्याहून जड गेलं.

बाबा निवृत्त शाळामास्तर. उभा जन्म संध्याकाळी खडकावर बसून गरवण्यात गेलेला. मासा मिळाला तर आईच्या हाती द्यायचा, नाही मिळाला तर वाऱ्यावर बसून यायचं, एवढंच त्यांचं मासेमारीचं शास्त्र. त्यांना समुद्रावर नेल्याशिवाय परत पाठवायचं नाही, हे मी त्यांचं तिकीट काढतानाच ठरवलं होतं.

इथले जुने लोक माही-माहीला नुसतं डॉल्फिन म्हणतात. श्वास घ्यायला वर येणाऱ्या, पिल्लांना दूध पाजणाऱ्या डॉल्फिनशी त्याचा काही संबंध नाही. घोटाळा नको म्हणून मी माहीच म्हणते. शास्त्रीय नाव कोरिफेना हिप्पुरस. जगातल्या सगळ्या उष्ण समुद्रांत तो आहे. आपल्या अरबी समुद्रातही आहे आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या बोटींच्या जाळ्यांत येतोही. पण जाळ्यातून डेकवर पडेपर्यंत त्याचं सगळं रूप गेलेलं असतं. मी मालवणच्या लिलावात तो नक्कीच पाहिला असणार आणि राखाडी, लांबट, चपटा मासा म्हणून पुढे गेले असणार.

सकाळी बोट प्रवाळाची रांग ओलांडून बाहेर पडली आणि पाण्याचा रंग पालटला. हिरवा संपला, शाईसारखा निळा सुरू झाला. इथून फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लगटून गरम पाण्याचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, तोच पुढे गल्फ स्ट्रीम म्हणून ओळखला जातो. कॅप्टन वर, उंच माचाणावर उभा राहून सुकाणू धरतो. तो पाण्याकडे कमी आणि आभाळाकडे जास्त बघत होता. फ्रिगेट पक्षी शोधत होता. हा लांब पंखांचा काळा पक्षी पाण्यावर सहसा बसत नाही. खाली मोठे मासे उडत्या माशांचा पाठलाग करू लागले की हवेत उसळलेले उडते मासे तो वरच्या वर टिपतो. म्हणून पक्षी घिरट्या घालायला लागला की खाली काहीतरी आहे, असं समजायचं.

दुसरी खूण सार्गासमची. हे तांबूस-पिवळं समुद्री शेवाळ जन्मभर तरंगत जगतं, त्याला तळाशी मूळ नाही. पानांमध्ये हवेचे बारीक फुगे असतात, त्यावर ते तरंगतं. दोन प्रवाह जिथे भेटतात तिथे त्याच्या लांबच लांब ओळी जमतात. खलाशाने आकड्याने एक जुडगा वर ओढून बाबांच्या हातावर झटकला. करंगळीच्या नखाएवढे खेकडे, काचेसारख्या कोळंब्या, आणि शेवाळाच्याच रंगाचा एक इवलासा मासा, पान कुठलं आणि मासा कुठला ते कळू नये असा. बाबा ते हातावर घेऊन बराच वेळ बघत राहिले, मग सगळं जपून पाण्यात सोडलं. उघड्या समुद्रात सावली नाही, आडोसा नाही. तिथे या शेवाळाखाली लहान जीव जगतात, त्यांच्यामागे मोठे येतात, आणि कासवांची पिल्लंही आयुष्याची पहिली वर्षं इथेच काढतात. 2011 पासून मात्र या सार्गासमचं प्रमाण भलतंच वाढलंय. उष्ण कटिबंधातल्या अटलांटिकमध्ये जवळजवळ दरवर्षी त्याचा प्रचंड पट्टा तयार होतो आणि कॅरिबियन बेटांच्या, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर येऊन कुजतो. समुद्रात जे घर आहे, तेच वाळूवर आलं की नाकाला रुमाल लावायला लागतो.

माही लागला तो या शेवाळाच्या कडेलाच. बोटीमागून ओढत असलेल्या आमिषावर पाणी फुटलं आणि रिळातून तंगूस सणसणत सुटला. रॉड बाबांच्या हातात होता. मासा पाण्याबाहेर आला आणि मी आयुष्यात पाहिले नव्हते असे रंग एकदम पाहिले. बाजू सोनेरी, पाठ हिरवी, त्यावर निळे ठिपके, कल्ल्यांमागचे पर अगदी गर्द निळे, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच सलग उभा पर. रंग स्थिर नव्हतेच. चिडला की एक, दमला की दुसरा. त्वचेतल्या रंगपेशी आकसतात-पसरतात तसा तो क्षणोक्षणी बदलतो. नर असल्याचं कपाळावरून कळलं. नराचं कपाळ सरळ उभं, भिंतीसारखं वर चढतं, मादीचं डोकं गोल.

तो बोटीजवळ आला तरी खलाशाने लगेच वर घेतला नाही. एक मासा पाण्यात ठेवला की त्याचे सोबती बोटीपाशी घुटमळत राहतात, हे इथल्या प्रत्येक कॅप्टनला ठाऊक आहे. पाच-सहा मासे खाली निळ्या पाण्यात गोल फिरत होते, आणि खलाशी आमिषाचे तुकडे टाकून त्यांना तिथेच धरून होता. युक्ती बिनचूक आहे. जोडीदाराला सोडून न जाणाऱ्या जिवाविरुद्ध ती वापरायची, हे मला बोचलं, आणि तरीही मी माझा रॉड खाली टाकला.

मग गॅफ, म्हणजे लांब दांड्याचा आकडा, आणि बर्फाची पेटी. पेटीचं झाकण लावायच्या आधी मी वाकून बघितलं. सोनेरी रंग विरत होता. एकदा रुपेरी झाला, मग पुन्हा लख्ख पिवळा, आणि मग कडेपासून राखाडी आत सरकत आला. काही मिनिटांत तो मालवणच्या लिलावातला मासा झाला होता. इथे येणारे बरेच लोक या रंग जाण्याबद्दल हळहळतात. मला वाटतं, ज्याला खायचं आहे त्याने हे एकदा तरी डोळ्यांनी बघावं. बाजारात आपल्या वाट्याला मरणाचा हा भाग कधी येतच नाही.

तरीही माही खाताना माझं मन मला खात नाही, आणि त्याचं कारण त्याच्या आयुष्याच्या वेगात आहे. इतका झपाट्याने वाढणारा मोठा मासा विरळा. पहिल्या वर्षातच तो मीटरभर लांबीच्या जवळपास जातो. चार-पाच महिन्यांचा झाला की अंडी घालायला लागतो आणि पुन्हा पुन्हा घालत राहतो. चार-पाच वर्षं म्हणजे त्याचं भरलेलं आयुष्य, बहुतेक तितकेही जगत नाहीत. बाबांनी धरलेला मासा आदल्या वर्षी त्याच सुमाराला कदाचित जन्मलाही नसेल. असा जीव समुद्र भरून काढू शकतो. पण त्यालाही सीमा आहे. कीजमधले कॅप्टन बरीच वर्षं सांगत होते की मासे लहान झालेत, कमी झालेत. 2022 मध्ये फ्लोरिडाने अटलांटिकमधल्या आपल्या हद्दीत माणशी 10 माशांची मर्यादा 5 वर आणली आणि बोटीमागे 60 ची 30. शेपटीच्या खाचेपर्यंत 20 इंचांहून लहान मासा परत टाकायचा. बोटीवर मोजपट्टी चिकटवलेली होती आणि खलाशी प्रत्येक शंकेचा मासा तिच्यावर ठेवून बघत होता. एक अर्ध्या इंचाने कमी भरला, तो गेला परत. बाबांनी ते मान्य केलं. लहान मासा सोडणं त्यांना कळतं.

संध्याकाळची बोट वेगळी, कॅप्टनही वेगळा. आता बाहेर जायचं नव्हतं. दोन बेटांमधल्या खाडीवर पूल आहे, त्याच्या खांबांशी जायचं होतं. या बेटांवर आधी रेल्वे होती. हेन्री फ्लॅगलर नावाच्या उद्योगपतीने समुद्रावरून बांधलेली, 1912 मध्ये की वेस्टला पोचलेली. 1935 च्या सप्टेंबरमधल्या चक्रीवादळाने ती मोडली, शेकडो माणसं गेली. 1938 मध्ये त्याच मार्गावरून मोटारींचा रस्ता सुरू झाला. जुन्या रेल्वेपुलांचे काही तुकडे अजून पाण्यात उभे आहेत. जुन्या-नव्या खांबांच्या आडोशाला टार्पन प्रवाहाकडे तोंड करून थांबतात, आणि ओहोटी जे वाहून आणेल ते खातात.

कॅप्टनने फोनवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडलं. बाबांनी मला विचारलं, "आज तिथी काय गो?" मी बघून सांगितलं, चतुर्दशी. बाबा म्हणाले, "मगे जोर आसतलो पाण्याक." मी कॅप्टनला ते सांगितलं. तो हसून म्हणाला, म्हणून तर आज आलोय. मे-जूनमधल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास इथे पाण्याला ओढ असते. त्याच दिवसांत संध्याकाळी पालोलो नावाचे किडे तळातून हजारोंनी वर येतात आणि टार्पन अधाशासारखे त्यांच्यावर तुटून पडतात. तिकडे मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला बोका ग्रांडेच्या खाडीमुखातही उधाणाच्या ओहोटीत खेकडे वाहून बाहेर येतात आणि टार्पन तिथे दाटी करतात. भाषा एक नाही, पंचांग एक नाही, पण बाबा आणि कॅप्टन दोघेही चंद्राकडे बघूनच घराबाहेर पडणारे. त्यानंतर त्या दोघांना माझी फारशी गरज पडली नाही.

टार्पन आधी दिसतो तो श्वासासाठी. त्याची हवेची पिशवी फुप्फुसासारखं काम करते. पृष्ठभागावर येऊन तो हवा गिळतो आणि वळून खाली जातो. रुपेरी पाठ, एक मोठा पर, आणि एक घोट घेतल्याचा आवाज. त्याची पिल्लं खारफुटीतल्या साचलेल्या, कुबट, प्राणवायू कमी असलेल्या डबक्यांत वाढतात. दुसरे मासे जिथे गुदमरून मरतील तिथे ती हवा गिळून जगतात आणि म्हणून मोठ्या माशांपासून वाचतात. मादी अंडी घालते ती मात्र दूर, खोल समुद्रात. तिथून पारदर्शक, चपटी अळी प्रवाहाबरोबर किनाऱ्याला येते. म्हणजे एका टार्पनला खोल समुद्रही हवा आणि खारफुटीचं डबकंही हवं. ती डबकी बुजवून घरं आणि कालवे झाले, हा या माशावरचा मोठा घाला आहे. गळाइतकी त्याची चर्चा होत नाही.

नांगराची दोरी कॅप्टनने एका तरंगत्या बोयाला बांधली होती. मासा लागला की बोयासकट दोरी सोडून द्यायची आणि माशामागे जायचं. नांगर उचलत बसायला वेळ नसतो. आमिष म्हणून जिवंत बोईट मासा. पाण्याला जोर आला आणि बाबांचा रॉड वाकला.

आणि तो मासा आभाळात गेला. अतिशयोक्ती नाही. पुरुषभर उंचीचं रुपेरी अंग सबंध पाण्याबाहेर, कल्ले उघडे, डोकं झटकत. कॅप्टन ओरडला, वाक! टार्पन उडी मारतो तेव्हा रॉडचं टोक त्याच्याकडे झुकवायचं, तंगूस सैल सोडायचा. ताणून धरला तर त्याच्या हाडासारख्या जबड्यातून गळ निसटतो, नाहीतर तंगूस तुटतो. बाबांना इंग्रजी कळलं नाही पण मासा कळला. ते वाकले. मासा पुन्हा उडाला, बाबा पुन्हा वाकले. इथे याला राजाला वंदन करणं म्हणतात, कारण टार्पनला रुपेरी राजा म्हणतात. बाबांचं ते वाकणं मला कसरतीसारखं अजिबात वाटलं नाही.

कॅप्टनने जाड तंगूस आणि दणकट रीळ दिलं होतं, ते मुद्दाम. हलक्या साधनाने तासभर झुंज दिल्याची फुशारकी मारणारे पुष्कळ भेटतात. त्या तासात माशाच्या स्नायूंचं काय होतं ते मात्र ते सांगत नाहीत. बऱ्याच वेळाने मासा बोटीशी आला. कॅप्टनने त्याला पाण्याबाहेर काढला नाही. 40 इंचांहून लांब टार्पन पाण्याबाहेर काढणं फ्लोरिडात बेकायदा आहे. 2013 पासून हा मासा इथे फक्त धरून सोडायचा. राज्याचा किंवा जगाचा विक्रम मोडण्याच्या बेतात असाल, तरच 50 डॉलरचा एक टॅग, वर्षाला एकच. बाबांनी गुडघ्यावर बसून त्याच्या अंगाला हात लावला. एकेक खवला तळहाताएवढा. डोळा मोठा, बाबांकडेच वळलेला. कॅप्टनने खालच्या जबड्याला धरून त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं, बोट हळूहळू पुढे नेली, कल्ल्यांमधून पाणी जाऊ दिलं. शेपटी हलली आणि मासा गेला.

"इतको मोठो मासो," बाबा म्हणाले, "नि सोडून दिलो?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण समजूतही नव्हती. मी त्यांना सांगितलं की इथे हा कोणी खात नाही, मांस काटेरी असतं. हे कारण त्यांना मुळीच पटलं नाही. काट्याला कोकणी माणूस कधी घाबरला? मग मी वय सांगितलं. हा मासा माहीसारखा घाईत जगत नाही. वयात यायलाच त्याला दहाएक वर्षं लागतात. मादी पन्नास वर्षांहून जास्त जगू शकते. शिकागोच्या शेड मत्स्यालयात 1935 मध्ये आणलेला एक टार्पन 1998 पर्यंत जिवंत होता. तिथल्या लोकांनी त्याचं नाव डेडआय ठेवलं होतं. त्या मत्स्यालयात लहानपणी त्याला बघून गेलेली माणसं आजोबा होऊन नातवंडांना घेऊन आली असतील, आणि तो होताच. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ह्यो माझ्या वयाचो आसतलो."

दुसरा मासा माझ्या रॉडला लागला. दोन उड्या झाल्या, मग तो खोल गेला आणि नुसता ओढत राहिला. अचानक त्याची दिशा वेडीवाकडी झाली. कॅप्टनने पाण्याकडे बघितलं. एक उंच, टोकदार काळसर पर पुलाच्या सावलीतून आमच्याकडे येत होता. हातोडी डोक्याचा मोठा शार्क. तो या पुलांपाशी टार्पनसाठीच येतो, आणि गळाला लागलेला दमलेला टार्पन त्याला आयता मिळतो. कॅप्टनने मला विचारलंही नाही. सुरी काढली आणि तंगूस कापला. सुटलेला मासा वेगाने पुलाखाली गेला, पर त्याच्यामागे गेला. पुढे काय झालं ते आम्हाला दिसलं नाही.

मी माझ्या रिकाम्या रॉडकडे बघत होते. बाबा कॅप्टनजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मालवणीत म्हणाले, "बरां केलंस."

मासा सोडला म्हणजे पुण्य झालं, असं मला वाटत नाही. सोडलेला प्रत्येक मासा जगत नाही, आणि केवळ थरारासाठी जिवाला दमवणं ही गोष्ट मी अजून स्वतःला पूर्णपणे पटवू शकलेली नाही. मात्र टार्पनला गळ टाकणारी हीच माणसं खारफुटीसाठी भांडतात, माशांना खुणा लावून ते कुठे जातात ते शोधायला पैसे देतात, हेही मी पाहिलंय. पूर्वी इथे टार्पन मारून धक्क्यावर उलटे टांगत, शेजारी उभं राहून फोटो काढत आणि मासा फेकून देत. टेक्ससमधल्या पोर्ट अरान्सासला टार्पन इन नावाचं जुनं हॉटेल आहे, त्याच्या भिंतीवर पकडणाऱ्यांनी सह्या केलेले हजारो खवले ठोकलेले आहेत. 1937 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केलेला खवलाही त्यात आहे. तिथून पाण्यात सोडण्यापर्यंत आलेली ही वाट मला मोलाची वाटते. फक्त ती पूर्ण चालावी. जाड तंगूस वापरावा, झुंज आखूड ठेवावी, शार्क दिसला की कापावं, आणि फोटोसाठी मासा उचलायला लावू नये. कोणी कॅप्टन हलकं साधन देऊन मोठी झुंज कबूल करत असेल, तर दुसरा शोधावा.

हे परदेशातलं कौतुक म्हणून मी सांगत नाही. आपल्याकडेही जाळ्यात कासव किंवा बहिरी मोरी, म्हणजे व्हेल शार्क, सापडली तर जाळं कापून तिला सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र शासन जाळ्याची भरपाई देतं. 2023 मध्ये राज्याने 54 जातींच्या माशांसाठी कमीत कमी लांबी ठरवून दिली. त्याहून लहान पकडायचे नाहीत. ज्याचं घर त्या जाळ्यावर चालतं, त्याने जाळं कापणं आणि हौसेने आलेल्या पाहुण्याने मासा सोडणं यात फार अंतर आहे. सोडण्याचं खरं मोल पहिल्याला कळतं. बाबांना मी हे म्हटलं तर त्यांनी मालवणातल्या एका ओळखीच्या तांडेलाची गोष्ट सांगितली, ज्याने कासवासाठी नवं जाळं कापलं होतं. तेव्हा भरपाईची योजनाही नव्हती. ती त्यांनी मला आजवर कधी सांगितली नव्हती.

रात्री धक्क्याजवळच्या हॉटेलात दिवसभरातला माही शिजवून दिला. आपण पकडून आणलेला मासा इथली बरीच हॉटेलं करून देतात. पांढरं, घट्ट, गोडसर मांस. बाबांनी खिशातून पुडी काढून त्यावर घरचं तिखट भुरभुरलं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर रॉबीज नावाच्या धक्क्यावर थांबलो. तिथे लाकडी फळ्यांखाली शेकडो टार्पन जमतात, आणि पैसे देऊन छोट्या माशांची बादली घेता येते. हात पाण्याजवळ नेला की पाणी फुटतं, एक प्रचंड तोंड वर येतं, मासा जातो आणि मनगटावर खरखरीत ओरखडा राहतो. पेलिकन मध्येच येऊन चोच मारतात, त्यांना हाकलण्यातच निम्मा वेळ जातो. अशी सवय माशांना लावावी की नाही, यावर दोन मतं आहेत. बाबांची बादली पाच मिनिटांत संपली. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, एका पेलिकनशी मालवणीत भांडण चालू. माझ्याकडे न बघताच त्यांनी रिकामी बादली मागे केली.

"आणखी एक घे गो. त्या कोपऱ्यातल्याक काय मिळाक नाय."